मोहरीएवढं मेण

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काकू, कांगारू पाहिलेत का?" पाहिले. चार पाहिले, त्यांतला एक रस्त्याच्या कडेला मरून पडलेला होता. तेवढं सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि मी सुटते. खरं सांगायचं ते वेगळंच आहे. ते तोंडाने सांगायला गेले की मध्येच अडतं, म्हणून लिहून काढते आहे. मी लेखिका नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढचं वाचन नगर वाचनालयातून झालं, आणि पेटी शिकले ती दुसऱ्यांची ऐकून. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी गेले कशासाठी, ते आधी सांगते. माझी धाकटी बहीण शालन गेल्या मार्गशीर्षात गेली. आम्ही दोघी मिरजेच्या आमच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं बरोबर बसलो. ती गायची, मी पेटी धरायची. तिची एकुलती एक मुलगी सुजाता तेव्हा सिडनीला शिकत होती. परीक्षा तोंडावर होती, हजेरी कमी पडली तर व्हिसाचं काय, या भीतीने तिला आईच्या शेवटाला येता आलं नाही. सहा महिन्यांनी फोन आला. "मावशी, तू तरी ये. आईचं काहीतरी घेऊन ये." मी शालनच्या दोन सुती साड्या आणि तिचे टाळ बॅगेत घातले आणि निघाले. विमानातलं काही लिहीत नाही. पाय सुजले, एवढंच.

हॅरिस पार्क

आपल्याकडे आषाढ, तर तिकडे ऐन थंडी. सुजाताचं घर हॅरिस पार्कात, तीन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट. एका खोलीत सुजाता आणि जावई मिलिंद, बाकी दोन्हींत पंजाबकडचे, हैदराबादकडचे विद्यार्थी. दारात चपलाबुटांचा ढीग इतका, की मला वाटलं आत सत्यनारायण चाललाय. सध्या आपली मुलं तिकडे लोटतायत. कॉमर्स झालेला पोरगा केस कापायला शिकतोय, इंजिनिअर मुलगा केक करायला शिकतोय. का, तर त्या कोर्सने तिथे कायमचं राहता येतं म्हणे. सकाळी स्टेशनकडे निघालेली ती पोरं पाहिली, पाठीवर सॅक, डोळ्यांत झोप. एकाच्याही तोंडावर पंचविशीची कळा नव्हती.

रस्त्यावर मात्र सगळं आपलं. जिलबी, कडीपत्ता, हिंगाची डबी, सगळं मिळतं. कडीपत्त्याला वास कमी, एवढाच फरक. मी पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी केली. सुजाता तीन घास खाऊन थांबली.

"तिखट झालं का गं?"

"नाही मावशी. आईसारखं झालंय."

मग तिने आईच्या साडीत तोंड खुपसलं. डोकं वर करून म्हणाली, "आई गुरुवारी शेवटी म्हणायची ना, ते म्हण की."

मी म्हटलं, "मला कुठलं बाई येतंय? मी पेटीवाली. माझ्या गळ्याने गुरं उठतील."

ती हसली नाही. मलाही माझं उत्तर आवडलं नाही. पण खरं तेच होतं. शालन गेली त्याच्या पुढच्याच गुरुवारी मंडळातल्या एकीने तिचं भजन उचललं, आणि मी मुकाट्याने पेटीवर सूर दिला. आमच्यात तसंच चालतं. गाणं देवाचं, म्हणणारी कुणीही असो.

वेस्टमीडमागची गल्ली

सुजाता शिकत होती नर्सिंग, आणि पोटासाठी म्हाताऱ्यांची सेवा करायची. विद्यार्थ्यांना आठवड्याला वीसच तास काम करायची परवानगी. त्यातले बरेचसे तास वेस्टमीडच्या मोठ्या हॉस्पिटलमागे एका घरात जायचे. मला घरी एकटीला करमेना, तर म्हणाली, "चल माझ्याबरोबर. नोराला चालेल. तिकडे सगळ्यांचं नो वरीज असतं."

नोरा म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांची आयरिश बाई. उंच, पाठीत वाकलेली, फिडल वाजवते, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. तिच्याबरोबर ॲलेक. तो स्कॉटलंडजवळच्या कुठल्याशा बेटावरचा, वय ऐंशीच्या पुढे. दोघं मिळून चाळीस वर्षं आयर्लंड-स्कॉटलंडची जुनी गाणी गावोगाव वाजवत आणि गात हिंडले. तो गाणारा, ती वाजवणारी. मी आपली म्हटलं, "नवराबायको का?"

"नाही मावशी."

"मग एका घरात?"

सुजाताने ते जसंच्या तसं नोराला इंग्रजीत सांगितलं, मेलीला जरा लाज नाही. नोरा हसत सुटली. म्हणाली, "आमची दोघांचीही लग्नं झाली होती, दुसऱ्यांशी. ते दोघं वारले. मग दोन घरांत दोन किटल्या कशाला, म्हणून एक ठेवली."

ॲलेक खिडकीशी बसून होता. त्याची आठवण गेली होती. कपाटाच्या दाराला संडासाचं दार समजायचा. सुजाताला रोज नव्याने विचारायचा, "तू कुठली गं पोरी? गाई आणल्यास का घरी?" ती म्हणायची, "आणल्या ॲलेक, सगळ्या आणल्या." आणि त्याचे पाय कोमट पाण्यात धरून त्याची नखं कापायची. मी ते बघत बसले. शालनची नखं शेवटी शेवटी मी कापली होती.

तेवढ्यात नोराने कोपऱ्यातून एक लाकडी डबा काढला, मांडीवर ठेवला, आणि मी उडालेच. अहो, आपली सूरपेटी! भजनाला, गाण्याला मागे नुसता सा धरून ठेवणारी, आपल्याच देशातून गेलेली सूरपेटी. म्हणाली, चाळीस वर्षांपूर्वी ॲलेकने एका बोटीवरच्या माणसाकडून घेतली. त्यांच्याकडे पाइप म्हणून पिशवीत हवा भरून फुंकायचं वाद्य वाजवतात, त्यांचाही एक सूर मागे अखंड चालू असतो, त्याच्या जागी ही.

नोराने भाता हलवला आणि माझे दात शिवशिवले. खालचा सा ठीक होता. वरचा किंचित उतरलेला. त्यामुळे दोन्ही मिळून सरळ न येता आवाज डुलत यायचा, पाळण्यासारखा. एका श्वासात तीन हेलकावे. मनात म्हटलं, बाई गं, इतकी वर्षं वाजवतेस आणि सा लावून घेतला नाहीस?

पण तिकडे ॲलेक बदलत होता. आधी हात थांबले. मग मान वर आली. चेहरा असा गोळा झाला, जसा कुणी हाक मारल्यावर होतो. आणि तो गायला लागला. भाषा त्याच्या बेटाची, मला एक अक्षर कळलं नाही. आईकडून शिकलेलं, बोटीने गाव सोडून जाणाऱ्याचं गाणं, असं नोराने नंतर सांगितलं. सात कडवी. गाईंचं विचारणारा माणूस सात कडवी न अडखळता गायला. ताना नाहीत, हरकती नाहीत, सरळ उभं गाणं, पण काळजात जात होतं. तिसऱ्या कडव्याला मी सवयीने धरू लागले, नुसतं गुणगुणले हो, तर नोराने बोट वर केलं. मी थांबले.

संपल्यावर तिने सांगितलं, सुजाताने मला मराठीत करून दिलं. त्यांच्यात गाणाऱ्याचं गाणं त्याचं असतं. तो खोलीत असेपर्यंत दुसरा कुणी ते म्हणत नाही. सगळ्यांना येत असलं तरी.

"आणि तो माणूस गेल्यावर?" मी विचारलं.

"मग म्हणायचं. पण आधी नाही."

मला ते जरा हट्टाचंच वाटलं. आमच्याकडचं बरं, असंही वाटलं.

मग नोराने खरी गोष्ट सांगितली. तिच्याने आता ॲलेकचं होत नव्हतं. दोनदा तो पडला, एकदा तिला घेऊन पडला. वृद्धांच्या होममध्ये त्याला जागा मिळाली होती आणि सोमवारी त्याला तिथे नेऊन सोडायचं होतं. त्याआधीच्या शनिवारी डोंगरापलीकडच्या एका गावात त्यांच्या गाण्याच्या लोकांचा मेळा होता. दोघं दर वर्षी तिथे जात. तिथे ॲलेकने हे गाणं एकदा, शेवटचं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. "सोमवारनंतर तो माझा जोडीदार नाही, होममधला पेशंट होणार," ती म्हणाली. "मला त्याला जोडीदार म्हणून निरोप द्यायचाय."

सुजाता सोबत जाणारच होती. नोरा माझ्याकडे वळून म्हणाली, "इंदू, तूही चल. पेटीवाली आहेस म्हणे."

डोंगरापलीकडे

शुक्रवारी सकाळी नोराच्या जुन्या गाडीतून निघालो. डोंगर निळे दिसतात, हे खरं आहे. पण ते ओलांडले की निळं संपतं आणि सगळं वाळलेल्या गवताच्या रंगाचं होतं. तिकडे कितीतरी वर्षं पाऊस नव्हता. तळी आटून मध्ये चिखलाची वाटी उरलेली, त्याभोवती मेंढ्या उभ्या. जतकडचा दुष्काळ मी पाहिलाय, पण तिथे निदान माणसं दिसतात, घागरी घेऊन बायका दिसतात. इथे मैलच्या मैल कुणी नाही. दुःख बघायलासुद्धा कुणी नाही, असं वाटलं. तो मेलेला कांगारू इथलाच.

ॲलेक पुढच्या सीटवर. दर थोड्या वेळाने विचारायचा, "बोट किती वाजता?"

"आहे अजून वेळ," नोरा म्हणायची.

एका पेट्रोलपंपावर सँडविच घेतलं. मी तीनतीनदा विचारून भाजीचं घेतलं, तर आत अंडं निघालं. त्यांच्या हिशेबी अंडं म्हणजे भाजीच असावी. मी बिस्किटांवर राहिले. तिथून निघताना डिकीचं झाकण नीट लागलं नव्हतं, वळणावर उघडलं आणि पिशव्या बाहेर. कपडे गेले तर गेले, पण सूरपेटीची पिशवीही रस्त्यावर आपटली. मी धावत जाऊन उचलली. लाकूड शाबूत होतं. भाता हलवून पाहिला तर नुसता फुस्स.

नोरा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली. म्हणाली, "त्याशिवाय तो सुरू होत नाही. मी फिडलवर तोच सूर धरून पाहिलाय. शंभरदा पाहिलाय."

मी छातीला हात लावून म्हटलं, "आय रिपेअर." आणि सुजाताला म्हटलं, "सांग तिला, चाळीस वर्षं मंडळाची पेटी मीच उघडतेय. भाता मिरजेतसुद्धा कुणाकडे देत नाही."

"फक्त भाता बघ," नोरा म्हणाली. "बाकी काही नको."

हे वाक्य सुजाताने मला सांगितलं. मी ऐकलं. ऐकलं होतं, हे इथे लिहूनच ठेवते.

गावातल्या मॉटेलात उतरलो. नोरा आणि ॲलेक पलीकडच्या खोलीत पडले. मॉटेलवाल्याकडून मी स्क्रू-ड्रायव्हर आणला, सुजाताच्या औषधांच्या पेटीतली कापडी पट्टी घेतली, डिंक घेतला. भात्याच्या घडीत दोन बोटं चीर गेली होती. ती आतून-बाहेरून चिकटवली, वर जड पुस्तक ठेवलं. तासाभरात काम झालं. तिथेच थांबायला हवं होतं.

पण पेटी उघडली आहे, तर आतल्या पितळी पट्ट्या दिसणारच. आम्ही त्यांना सूर म्हणतो. धूळ साचलेली, हिरवट गंज. आणि वरच्या ‘सा’च्या पट्टीवर, अगदी टोकाला, मेणाचा एक दाणा. काळपट, मोहरीएवढा. मला वाटलं, कधी मेणबत्तीचा थेंब उडाला असेल. म्हणूनच सा उतरलाय! मला काय आनंद झाला सांगू. सुईच्या टोकाने तो काढला, कागदात चुरगाळला, कचऱ्यात टाकला. पट्टी पुसली. पेटी बंद करून भाता हलवला.

सा असा लागला, असा लागला, की माझ्या अंगावर काटा आला. दोन्ही सूर एकात एक मिसळून गेले, रेषेसारखे. शालन असती तर डोळे मिटून तिने लगेच आकार लावला असता. सुजातासुद्धा म्हणाली, "मावशी, काय गोड झालंय गं."

नोराला मी फक्त खूण केली, भाता झाला. सूर लावलाय ते सांगितलं नाही. म्हटलं, उद्या हॉलमध्ये तिच्या कानांनाच कळू दे. माझ्याकडून भेट.

हॉल

शनिवारी दुपारी कार्यक्रम. सुजाताच्या आताच्या तिकडच्या बोलीत "आरव्होला". पत्र्याचा हॉल, बाहेर पिवळ्या फुलांची झाडं फुललेली, त्या करड्या मुलखात तेवढाच रंग. आत पन्नासेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. आल्याआल्या प्रत्येकीने झाकलेलं ताट टेबलावर ठेवलं. आपल्याकडे भजनाला प्रसाद आणतात, तसंच. प्रत्येक जण ॲलेकपाशी येऊन त्याचा हात हातात घ्यायचा. तो सगळ्यांना बोटीची वेळ विचारायचा.

आधी नोराने फिडल वाजवली. नाचाच्या गती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या हातात ते वारं कुठून आलं कोण जाणे. जमिनीच्या फळ्या सगळ्यांच्या पायांनी वाजायला लागल्या, माझ्याही. मग ती थांबली, फिडल बाजूला ठेवली, सूरपेटी मांडीवर घेतली. हॉल आपोआप शांत झाला. सगळ्यांना ठाऊक होतं, आता काय.

तिने भाता हलवला. सरळ, निर्मळ सा हॉलभर पसरला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, खूश होईल म्हणून.

तिचा हात क्षणभर अडखळला. तिने पेटीकडे पाहिलं, मग ॲलेककडे. भाता चालू ठेवला.

ॲलेक गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. मान वर आली नाही. तिने भाता आणखी हलवला. एक मिनिट, दोन मिनिटं. कुणी खोकलं नाही. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला, ॲलेकपाशी बसून त्याने त्याचा हात धरला आणि हळूहळू वरखाली हलवत राहिला. गाणाऱ्याला असा आधार देण्याची तिकडे रीत आहे. ॲलेकने त्याच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाला, "ही कुणाची आहे? ही आपली नाही."

सुजाताने माझं मनगट घट्ट धरलं. तिलाही कळलं होतं.

चहाची सुट्टी जाहीर झाली. मी तशीच नोरापाशी गेले. दुभाषी लागलाच नाही. पेटीकडे बोट दाखवलं, माझ्या छातीकडे दाखवलं, सुई धरल्यासारखी चिमूट केली आणि म्हटलं, "वॅक्स. आय थ्रो."

तिने डोळे मिटले. मग सुजाताच्या तोंडून मला कळलं ते असं. ते मेण ॲलेकनेच लावलं होतं, पेटी घेतली त्याच वर्षी. त्याच्या बापाच्या पाइपचे मागचे सूर असेच डुलायचे. म्हणायचा, सरळ सूर म्हणजे मेलेला सूर. सूर हलला पाहिजे, पाण्यावर असल्यासारखा.

आमच्याकडे सा हलला की सगळं गेलं. त्याच्याकडे सा थांबला की सगळं गेलं. मला हे चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी हसले असते.

नोराने मला रागावायला हवं होतं. निदान एक शब्द. तिने एवढंच विचारलं, "परत लावता येईल?"

मेण कुठून आणायचं? दुकानं गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी चहाच्या टेबलावर बघत राहिले. केक, स्कोन, कसलं कसलं मांस, आणि एका ताटात चीजचा गोळा, वरून लाल मेणाचं कवच. तेच नखाने खरवडलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लोण्याच्या सुरीने स्क्रू काढले. ताटं धुणाऱ्या दोन बायका हात थांबवून बघत होत्या. पहिला दाणा मोठा झाला, सा कुठल्या कुठे घसरला. दुसरा लहान, काही हललंच नाही. तिसरा लावला, डोळे मिटले, घरात त्या दिवशी ऐकलेलं आठवायला लागले. एका श्वासात तीन हेलकावे. मोजले. अडीच आले. पुन्हा काढून लावलं. अडीच. बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले होते.

"मावशी, बास," सुजाता म्हणाली. "चल."

नोराने पेटी माझ्या हातून घेतलीच नाही. म्हणाली, "तू वाजव, इंदू. मला त्याचा हात धरायचाय."

अशी मी त्या स्टेजवर, नऊवारीवर सुजाताचा कोट चढवून, परक्यांच्या पेटीपाशी बसले. भाता हलवला. लाल मेणाचा सा डुलायला लागला. नोराने ॲलेकचा हात हातात घेतला, वर नेला, खाली आणला.

त्याची मान वर आली. हळूहळू चेहरा गोळा झाला. आणि तो गायला लागला. हॉलभर सगळ्यांचा श्वास एकदम सुटलेला मला ऐकू आला. पहिलं कडवं पुरं झालं. दुसऱ्याची पहिली ओळ झाली, आणि तो थांबला. पेटीकडे कान केला. कपाळावर आठी आली, जशी एखाद्या जाणत्या माणसाच्या येते. "जवळपास आहे," म्हणाला. "पण नाही." आणि चेहरा सुटला. हातातून सुतळी सुटावी तसा. मग त्याने नोराला विचारलं, "बोट गेली का?"

मी भाता थांबवणार होते. नोराने माझ्याकडे बघून मान हलवली, चालू ठेव.

त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते गाणं पाठ होतं. पण एकानेही ओठ हलवले नाहीत. तो खोलीत होता ना.

नोराने त्याचा हात तसाच धरून ठेवला. खाली बघितलं, वर बघितलं. आणि जिथे त्याने सोडलं होतं तिथून, दुसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीपासून, ती स्वतः गायला लागली. चाळीस वर्षं जिने त्याच्यामागे फक्त वाजवलं, ती. आवाज फाटका, पट्टी तिला उंच. पहिल्या शब्दालाच पुढच्या रांगांतल्या माना खाली गेल्या. एका बाईने तोंडावर रुमाल धरला. सुजाता नंतर म्हणाली, मला कळलंच नाही सगळे का रडतायत. मला मात्र कळलं. तो खोलीत नाही, असं नोराने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, त्याचा हात हातात धरून.

पाच-सहा कडवी ती गायली. मी भाता एकसारखा ठेवला. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. फक्त ॲलेकने वाजवल्या. शेजारच्या म्हाताऱ्याकडे वाकून म्हणाला, "छान म्हणते ही बाई. कुणाचं गाणं आहे?"

परत

रविवारी तोच रस्ता, त्याच मेंढ्या. ॲलेक पुढे झोपलेला, नोराची नजर रस्त्यावर. मी सगळी रात्र शब्द जुळवले होते. म्हटलं, "सॉरी, नोरा." आरशातून तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मेण नसतं काढलंस तर कदाचित सातही कडवी झाली असती. कदाचित नसती. मला आता दोन्ही माहीत करून घ्यायचं नाही." माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी तशी अपेक्षाही ठेवली नाही.

डोंगर दिसायला लागले तेव्हा सुजाताने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिने काही मागितलं नाही. मीच शालनचं ते गुरुवारचं भजन सुरू केलं, हळू आवाजात. दोनदा सूर सोडला, एक ओळ विसरले. सुजाता रडत रडत म्हणाली, "किती वाईट म्हणतेस गं मावशी." आणि माझा दंड धरून ठेवला, थांबू नये म्हणून.

सोमवारी ॲलेक होममध्ये गेला. सामानात नोराने सूरपेटीही दिली. दारात मला म्हणाली, "आता कुणी दुरुस्त करू नका."

मी मिरजेला परतून चार महिने झाले. सुजाता दर रविवारी फोन करते. तिची नोकरी आता त्याच होममध्ये आहे. सांगते, नोरा रोज दुपारी येते, पेटी काढते, भाता हलवते. तो सुरू होत नाही. मग ती स्वतःच म्हणते, सातही कडवी, त्याच्यासमोर. तो रोज विचारतो, "हे गाणं कुणाचं?" ती रोज सांगते, "तुझं."

मी सुजाताला दर वेळी एकच विचारते, "सूर हलतोय ना गं?"

"हलतोय मावशी."

किती हेलकावे, ते मी विचारत नाही.